जो दाखला जगात कुणी देत नाही, तो माझ्या बहिणीकडे मागू नका

आमच्या सिनेगॉगच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, विश्वस्त आणि हजानसाहेब यांस,

शालोम.

सूचना फलकावर लावलेला ठराव वाचला. ‘ज्या व्यक्तीचा कोणत्याही काळी बाप्तिस्मा झाला आहे, तिचे नाव सभासदांच्या नोंदवहीतून कमी करण्यात येत आहे. तिच्या नावे हश्काबा होणार नाही, तिला आपल्या कबरस्तानात जागा मिळणार नाही आणि तिच्या मुलानातवंडांना हिब्रूच्या वर्गात घेतले जाणार नाही. चर्च सोडल्याचा अधिकृत दाखला सादर केल्यास फेरविचार केला जाईल.’ खाली सह्या आणि शिक्का. कमी झालेल्या नावांत माझ्या थोरल्या बहिणीचं नाव आहे.

या ठरावावर मी मंडळाला रीतसर पत्र दिलं. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. सभेत बोलायला उभी राहिले तर ‘विषय संपलेला आहे’ असं सांगून बसवण्यात आलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. माझा कुणाशी वैयक्तिक वाद नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या लग्नात मी मेंदीच्या रात्री गाणी म्हटली आहेत.

बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. आम्ही बेने इस्राएल. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. सिनेगॉग म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, हजान म्हणजे तिथली प्रार्थना चालवणारे, रब्बी म्हणजे धर्मगुरू, हश्काबा म्हणजे मृतासाठीची प्रार्थना. अलिबाग, पेण, रोहा भागात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. आमचे बहुतेक नातेवाईक आता इस्राएलमध्ये आहेत. इथे उरलो ते इतके थोडे, की मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला शुक्रवारी दुपारपासून फोनाफोनी करावी लागते. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘ज्यू म्हणजे ख्रिश्चनांतलाच एक प्रकार ना?’ तेव्हा हसले होते. आता तोच प्रश्न वेगळ्या तोंडाने आमच्याच फलकावर लागला आहे.

तर मुद्द्याचं. माणूस एकाच वेळी ज्यू आणि ख्रिस्ती असू शकतो का? माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे मी ताईसाठी धर्म पातळ करायला निघाले आहे असं कुणी म्हणू नये. उपासनेत नाही असू शकत. सकाळसंध्याकाळ शेमा म्हणायचा, देव एक आहे अशी ग्वाही द्यायची, आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाऊन येशूच्या देवत्वाची कबुली देत ख्रिस्तशरीर घ्यायचं, हे एका माणसात प्रामाणिकपणे राहत नाही. मसीहा अजून यायचा आहे, की येऊन गेला? दोन्हीला हो म्हणणाऱ्याने कुठल्या तरी एका प्रश्नाकडे नीट लक्ष दिलेलं नाही. येशूचे पहिले अनुयायी ज्यूच होते आणि मंदिरात जात होते, हे खरं. पण त्यानंतरच्या शतकांत वाटा वेगळ्या झाल्या, त्या काही गैरसमजाने झाल्या नाहीत.

इथवर तुमचं आणि माझं एकमत आहे. ज्या भीतीतून हा ठराव आला, ती भीतीही मला समजते. गेल्या वर्षीपासून काही मंडळी आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी येतात. गळ्यात मागेन दाविद म्हणजे दाविदाचा तारा, हातात मेनोरा म्हणजे आपली सात फांद्यांची दिवी छापलेली पत्रकं, ओठांवर हिब्रू गाणी. म्हणतात, तुम्ही धर्म बदलू नका, ज्यूच राहा, फक्त येशूला मसीहा माना म्हणजे तुम्ही ‘पूर्ण’ ज्यू झालात. एकट्या राहणाऱ्या, मुलं परदेशी असलेल्या माणसाशी कुणी दोन तास गोड बोललं तर तो ऐकतो. हा प्रकार मला अजिबात पसंत नाही. कारण साधं आहे: समोरच्याला धर्मांतर करायला सांगायचं आणि ते धर्मांतर नाहीच असं पटवायचं. पाद्री पाद्र्याच्या झग्यात आला तर माणसाला निदान कळतं तरी की कोण आलं आहे.

आणि झग्यातल्या पाद्र्यांशी आपण आधीच वागून बसलो आहोत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, त्यांनी आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण तयार केलं. त्यांच्या आधी अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. हेतू उघड होता. आपल्या पूर्वजांनी काय केलं? शाळेत गेले, व्याकरण घोकलं, शास्त्र मराठीत वाचायला मिळालं ते वाचलं, आणि शनिवारी घाणा बंदच ठेवला. बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके निघाले. मिशनच्या हिब्रूवर आपली सिनेगॉगं अधिक नीट चालू लागली, असं म्हटलं तरी चालेल. या गोष्टीचं मला नेहमीच हसू येतं आणि अभिमानही वाटतो. ज्या समाजाने विल्सनसाहेबांना असं पचवलं, त्याला एका पत्रकाने एवढं घाबरायचं कारण नव्हतं.

पण घाबरून तुम्ही नेम कुणावर धरलात? पत्रकवाल्यांविषयी ठरावात एक अक्षर नाही. नेम धरलात तो ताईवर, जी चर्चकडून इकडे येत होती.

ताईचं मी काही लपवत नाही. तिने वसईच्या एका कॅथलिक मुलाशी लग्न केलं आणि लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला. घ्यायलाच हवा होता असंही नाही. चर्चची परवानगी काढून मिश्र विवाह तेव्हाही होत असत. पण सासरची माणसं जुन्या वळणाची होती आणि ती त्या मुलासाठी काहीही करायला तयार होती. कुणी जबरदस्ती केली नाही. बाबांनी पुढे कित्येक वर्षं तिचं नाव घेतलं नाही. आई मात्र वसईला जाऊन यायची आणि घरी येऊन ‘बाजारात गेले होते’ म्हणायची, एवढ्या लांबच्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन. ताई मिस्सेला जायची, मुलीचा बाप्तिस्माही तिने केला. ती ख्रिस्ती होती, नावापुरती नव्हे.

तरी दारफाळणीचा सण, म्हणजे आमचा प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस योम किप्पूर, ती पाळायची. त्या दिवशी पांढरी साडी, आदल्या संध्याकाळपासून तोंडात पाणी नाही, दार आतून लावलेलं. आमचे भावोजी वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याला सांगत, ‘आज बाई भेटणार नाहीत.’ दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला ती दारावर आलेल्याला दान द्यायची. हे सगळं एका कॅथलिक घरात, आल्तारासमोर. मी तेव्हा तिला विचारलं होतं, हे काय चाललंय तुझं? ती म्हणाली, ‘इतर दिवशीचं मला माहीत आहे मी काय करते. या दिवशी नाही उपास केला तर मला झोप लागणार नाही.’ हे धर्मशास्त्रात बसत नाही, मी मान्य करते. पण असंच होतं.

भावोजी गेले. त्यानंतर ती हळूहळू आमच्याकडे येऊ लागली. मिस्सेला जाणं बंद झालं, शुक्रवारी संध्याकाळी पेल्यात पाणी, वर तेल आणि त्यात वात असा शब्बाथचा दिवा लागू लागला. मग सिनेगॉगमध्ये बायकांच्या गॅलरीत मागच्या बाकावर बसू लागली. जुन्या अध्यक्षांनी तिचं नाव नोंदवहीत पुन्हा घेतलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोललं ते यंदा, मलिद्याच्या विधीच्या वेळी. तिने घरून पोहे भिजवून, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून ताट केलं होतं, पाच फळं मांडली होती, वर गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, गाणं सुरू व्हायच्या आधी एका विश्वस्तांनी ते ताट उचलून बाहेर चपलांच्या स्टँडजवळच्या स्टुलावर ठेवलं. शब्द एकच: ‘हे इथे चालणार नाही.’ ताई काही बोलली नाही. गाणं संपेपर्यंत बसली, मग ताट उचलून रिक्षाने घरी गेली. पंधरवड्यात ठराव आला.

आता माझे आक्षेप, एकेक करून.

पहिला आक्षेप त्या दाखल्यावर. ‘चर्च सोडल्याचा अधिकृत दाखला.’ तो कोण देतं, चौकशी केलीत का? मी केली. ताईच्या जुन्या चर्चमधल्या फादरांना भेटले. भला माणूस, चहा दिला. ते म्हणाले, बाई मिस्सेला येत नाहीत हे मी तोंडी सांगेन, हवं तर तसं लिहूनही देईन. पण बाप्तिस्मा झालाच नाही किंवा तो पुसला असं मी लिहू शकत नाही, कारण आमच्या शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्म्याची खूण आत्म्यावरून पुसली जात नाही. आणि आपल्याकडे काय आहे? ज्यू आईच्या पोटी जन्मलेला माणूस ज्यू. तालमूदात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मशास्त्रग्रंथात, सान्हेद्रिन या भागात स्पष्ट आहे की इस्राएलाने, म्हणजे ज्यूने, पाप केलं तरी तो इस्राएलच. म्हणजे एका बाजूचं पुस्तक म्हणतं बाप्तिस्मा पुसता येत नाही, दुसऱ्या बाजूचं म्हणतं जन्म पुसता येत नाही. दोन्ही पुस्तकांनुसार ताई कायमची आपापल्या बाजूची आहे. ज्यू आणि ख्रिस्ती दोन्ही असता येतं का, या प्रश्नाचं हे एक विचित्र पण खरं उत्तर आहे: उपासनेत नाही, पण दोन्हीकडच्या नोंदीत, हो. या पेचातून सुटायचा मार्ग फादरांच्या शिक्क्यात नाही, आपल्याच धर्मशास्त्रात आहे. सोळाव्या शतकात पोलंडचे रब्बी मोशे इसरलेस यांनी लिहून ठेवलं की धर्म सोडून परत आलेल्या ज्यूला नव्याने धर्मांतर करावं लागत नाही. प्रथा म्हणून त्याने मिकवेत, म्हणजे विधीच्या कुंडात, स्नान करावं आणि तिघांसमोर पुन्हा पाळणुकीची ग्वाही द्यावी. ताई या दोन्हीला तयार आहे. तिला कुणी विचारलंच नाही.

दुसरा आक्षेप, सेक्रेटरीसाहेबांनी सभेत केलेल्या विधानावर. ‘इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानेच ठरवून टाकलंय, बाप्तिस्मा घेतलेला ज्यू नाही.’ अर्धवट माहिती आहे ही. तो खटला ओसवाल्ड रुफआयझेन यांचा. पोलंडचा ज्यू तरुण. नाझींच्या काळात ओळख लपवून मीर गावात पोलिसांचा दुभाषी झाला आणि आतली खबर देऊन तिथल्या घेट्टोतून दोनशेहून अधिक ज्यूंना पळून जायला त्याने मदत केली. पकडला गेला, निसटला, नन्सच्या मठात लपला आणि तिथे त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे कार्मेलाइट संन्यासी झाला, ब्रदर डॅनियल म्हणून हैफाला आला आणि म्हणाला, मी धर्माने कॅथलिक पण राष्ट्राने ज्यू आहे, इस्राएलला येणाऱ्या ज्यूंना नागरिकत्व देणाऱ्या परतण्याच्या कायद्याखाली मला नागरिकत्व द्या. १९६२ साली न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी नकार दिला. पण का नाकारला? न्यायमूर्ती सिल्बर्ग यांनी लिहिलं की ज्यू धर्मशास्त्राने पाहिलं तर हा माणूस ज्यूच ठरतो. परंतु हा कायदा संसदेचा आहे, धर्मशास्त्राचा नाही, आणि सामान्य माणूस ‘ज्यू’ म्हणतो तेव्हा त्यात कॅथलिक संन्यासी धरत नाही. १९७० साली कायदाच बदलून ज्यूच्या व्याख्येत ‘अन्य धर्माचा सभासद नसलेला’ अशी भर घातली गेली. हा सगळा नागरिकत्वाचा हिशेब आहे. ब्रदर डॅनियलला पुढे साध्या मार्गाने नागरिकत्व मिळालंच आणि तो १९९८ साली हैफातच वारला. आपलं मंडळ व्हिसा देत नाही. कबरीला जागा देतं. तुम्ही ज्या निकालाचा दाखला देता, त्याच निकालात धर्मशास्त्राबद्दल जे लिहिलं आहे ते ताईच्या बाजूचं आहे.

कबरस्तानाच्या बाबतीत आपली परंपरा कडक आहे, हे मला कुणी शिकवायला नको. रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातले थोर धर्मशास्त्री मायमोनिदीस, म्हणतात, समाजापासून तुटलेल्यासाठी, धर्म सोडलेल्यासाठी शोक पाळू नये. पण तेच रामबाम म्हणतात की असा माणूसही पश्चात्तापाने परत आला तर त्याचा वाटा त्याला मिळतो. आणि जर्मनीतल्या मायन्झचे रब्बेनू गेर्शोम, हजार वर्षांपूर्वीचे. परत आलेल्या माणसाला त्याच्या मागच्या गोष्टीची आठवण करून देऊन हिणवू नये, असा दंडक त्यांच्या नावाने सांगितला जातो. त्यांच्या स्वतःच्या मुलाने धर्म सोडला तेव्हा ते चौदा दिवस सुतकात बसले, असं जुनी पुस्तकं सांगतात. एवढा मोठा धर्मशास्त्री, पण सुतक पाळताना सातांचे दिवस दुप्पट केले. तुम्ही त्यांच्यापेक्षा कडक व्हायला निघाला आहात, तर निदान कुठल्या आधारावर ते तरी सांगा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागलेला आहे. ताईच्या लेकीने नोंदणी पद्धतीने लग्न केलं आहे. तिच्या मुलाचा, म्हणजे ताईच्या नातवाचा बाप्तिस्मा झालेला नाही. तो आजीबरोबर येतो, अलेफ-बेत, म्हणजे हिब्रूची मुळाक्षरं, स्वतःहून मोबाइलवर शिकला आहे. आईची आई ज्यू, तिची आई ज्यू. धर्मशास्त्राने तो ज्यू आहे, त्यात वादाला जागा नाही. त्याला वर्गातून परत पाठवलं: ‘ख्रिश्चन घराण्यातला आहे.’ त्याच वर्गात अशी मुलं बसतात ज्यांचे वडील आपले सभासद आहेत आणि आई ख्रिस्ती आहे, जिने धर्म बदललेला नाही. धर्मशास्त्राने ती मुलं ज्यू नाहीत. त्यांनी शिकू नये असं मी मुळीच म्हणत नाही, शिकूदेत बिचारी. पण मग हा कोणता नियम झाला? मुलगा बाहेरची बायको करून आला तर नोंदवहीत राहतो, वार्षिक सभेत मत देतो, विश्वस्तही होतो. मुलगी बाहेर गेली आणि परत आली तर तिचं ताट चपलांपाशी. नियम आईवरून चालतो असं हजार वर्षं सांगत आलो, आणि आपल्याच दारात तो आडनावावरून चालवतो.

चौथं, आणि हे विशेषतः मंडळातल्या ज्येष्ठांना. साठच्या दशकात आपले लोक इस्राएलला गेले तेव्हा काय झालं होतं, विसरलात? लग्नाला उभे राहिले की मुख्य रब्बीनेटच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ धर्मसंस्थेच्या, सूचनेवरून आईची, आजीची, पणजीची चौकशी. तुमच्यात परकं रक्त मिसळलं नाही कशावरून? कोकणातल्या पणजीचा दाखला कुठून आणणार? आपल्या माणसांनी जेरुसलेमला जाऊन निदर्शनं केली, बायकामुलांसह रस्त्यावर बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. आमच्या घरी त्या काळातली काकांची पत्रं आहेत, मराठीत लिहिलेली, शाई फुटलेली. त्यात एक ओळ आहे: ‘इथे आम्हाला विचारतात तुम्ही खरे का, आणि गावी कुणी कधी विचारलं नव्हतं.’ आता गावीही विचारायला लागलो.

पाचवं, चर्च आणि पत्रकवाले यांत तुम्ही केलेली गल्लत. वसईचं ते चर्च आपल्या दारी कधीच आलेलं नाही. कॅथलिक चर्चने १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकणं सोडलं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये व्हॅटिकनच्या आयोगाने लिहिलं की ज्यूंचं धर्मांतर करण्यासाठी कॅथलिक चर्च कुठलीही संस्थात्मक मोहीम चालवत नाही. पत्रकं वाटणाऱ्यांचा प्रवाह निराळा, प्रॉटेस्टंट मुशीतला आहे. त्यांना उत्तर द्यायचं तर त्यांना द्या. ताईच्या सासरच्यांनी नाताळात पाठवलेल्या करंज्या आम्ही खाल्ल्या आहेत, आमच्या खिरीच्या सणाची खीर त्यांनी खाल्ली आहे, आणि त्यात कुणाचा धर्म बुडाला नाही.

आपल्या इतिहासातली एक गोष्ट इथे आठवते. मंडळाची तुलना मी कुणाशी करत नाही, तसा अर्थ काढू नये. पण गोव्यात पणजीला ज्याच्या नावाची बाग आहे, तो गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज वैद्य, ज्यूंच्या घरात जन्मला. घराणं सक्तीने ख्रिस्ती झालेलं, आत ज्यू चालीरीती चालू. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळली, आणि १५८० साली त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली. त्याच्यावर सक्ती होती, ताईवर नव्हती. फरक मला कळतो. पण माणूस कोणत्या बाजूचा होता हे कबरीच्या जागेवरून ठरवण्याची रीत कुणाची होती, हे आपण तरी लक्षात ठेवायला हवं.

उलट उदाहरणही आहे. पॅरिसचे आर्चबिशप, कार्डिनल ज्याँ-मारी लुस्तिजे. ज्यू घरात जन्म, नाव आरोन, १९४० साली पोरवयात बाप्तिस्मा, आई ऑश्विट्झमध्ये मारली गेली. हा माणूस मरेपर्यंत म्हणत राहिला की मी ज्यूच आहे. रब्बींना ते मान्य नव्हतं, आणि मला विचाराल तर रब्बींचं बरोबर होतं. तरी २००७ साली त्यांच्या अंत्यविधीला, नोत्र दामच्या दारात, शवपेटी आत नेण्याआधी, नातेवाइकाने कद्दीश, म्हणजे मृतासाठीची ज्यू प्रार्थना, म्हटलं. त्यामुळे लुस्तिजे रब्बींच्या लेखी ज्यू उपासक ठरले नाहीत, की चर्चच्या लेखी कमी कार्डिनल ठरले नाहीत. घरच्यांनी घरच्या माणसासाठी म्हटलं, एवढंच. कार्डिनलला जे मिळालं ते ताईला मिळणार नाही? ताईने तर चर्चही सोडलं.

मागण्या लिहिते. ठराव तूर्त स्थगित करावा आणि ज्यांची नावं कमी झाली त्यांचं म्हणणं लेखी आणि समोर बसवून ऐकावं. हा प्रश्न हात वर करून सोडवायचा नाही. आपल्याकडे परंपरेने रब्बी नाहीत, हजान आहेत, आणि हजानसाहेबांनाही सभेत बोलू दिलं गेलं नाही हे मी पाहिलं. प्रश्न धर्मशास्त्राचा आहे तर तो बेथ दिनकडे, म्हणजे रब्बींच्या धर्मन्यायालयाकडे, लेखी पाठवा, उत्तर जे येईल ते फलकावर लावा. माझ्या विरुद्ध आलं तरी लावा.

सभासदत्व, सिनेगॉगमधले मान आणि कबरस्तान या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. जो आजही चर्चला जातो त्याला मत नसावं, विश्वस्त होता येऊ नये, यावर माझा आक्षेप नाही. ताईने मत मागितलेलं नाही. तिला आईबाबांच्या रांगेत जागा हवी आहे, आणि वर्षातून एकदा तिच्या नावे हश्काबा.

‘अधिकृत दाखल्या’ची अट काढून टाका. तिच्याऐवजी आपल्या शास्त्रात आहे तीच वाट ठेवा: तिघांसमोर ग्वाही. हिब्रूच्या वर्गाचा नियम एकच असू द्या, मुलींच्या मुलांना आणि मुलांच्या मुलांना सारखा. आणि पत्रकवाल्यांच्या बाबतीत मंडळाने उघडपणे, मराठीत, एक पानाचं निवेदन काढावं की आपली श्रद्धा काय आहे आणि काय नाही. मसुदा मी लिहून देते. आपल्या एकट्या राहणाऱ्या माणसांकडे दर आठवड्याला कुणीतरी जाऊन बसावं, याची यादीही करून देते. दोन तास गोड बोलायला आपल्यातलं कुणी गेलं तर त्या दुसऱ्यांना दार उघडायची वेळ येणार नाही.

मलिद्याच्या ताटाबद्दल ताईने काही मागू नको म्हणून सांगितलं आहे. मी तिचं ऐकते. ज्यांनी ते उचललं त्यांनी तिला जाऊन भेटावं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

उत्तर नव्याच्या सणाच्या, म्हणजे आपल्या नववर्षाच्या, आत लेखी मिळावं. ते मला पाठवू नये, ताईला पाठवावं. तिचा पत्ता जुन्या नोंदवहीत आहे. वरून रेघ मारली आहे, पण वाचता येतो.

आपली,
एक सभासद, जिचं नाव अजून नोंदवहीत आहे